हॅग्लरचं स्थान कुठे ठरलं

आपल्या बॉक्सिंगच्या संध्याकाळच्या बॅचमधल्या, दिवसा इंजिनिअरिंगचं कॉलेज करणाऱ्या एका मुलाने मला हा प्रश्न लिहून पाठवला: "सर, मार्व्हिन हॅग्लरला मिडलवेटच्या सर्वकालीन यादीत इतकं वर का धरतात? सगळ्यात मोठ्या लढतीत तो लिओनार्डकडून हरला. डुरान, हर्न्स, लिओनार्ड हे तिघंही खालच्या वजनातून वर आलेले. हॉपकिन्सने २० वेळा किताब राखला, हॅग्लरने १२ वेळा. गोलोव्किनच्या नॉकआउटचं प्रमाणही जास्त. मग निव्वळ जुन्या काळातला म्हणून मान द्यायचा का?"

जुन्या काळातला म्हणून कुणालाच मान देऊ नकोस. १९८० ते १९८७ पर्यंत चॅम्पियन असलेल्या हॅग्लरला मी मिडलवेटमध्ये चौथा ठेवतो. कुणी तिसरा ठेवला तर भांडणार नाही, पण पाचाच्या बाहेर काढला तर नक्की भांडेन. तू मोजलेल्या हॅग्लरच्या लढती सगळ्या १९८० नंतरच्या आहेत. माझ्या लेखी त्याचं स्थान त्याआधीच, किताब हातात नसताना ठरलं. लिओनार्डच्या रात्रीने ते फार तर एक पायरी इकडेतिकडे होईल.

आधी वजनाचं बघू. आपल्याकडे मिडलवेट म्हटलं की ७५ किलो आठवतं, कारण २००८ मध्ये विजेंदरने बीजिंगला ब्राँझ घेतलं ते त्या गटात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बालेवाडीला राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, तेव्हा चौकशीला येणारा जो तो ७५ किलोचीच भाषा बोलायचा. व्यावसायिक मिडलवेटची मर्यादा १६० पौंड, म्हणजे ७२.५७ किलो. हॅग्लर घडला त्या काळात वजन लढतीच्याच दिवशी सकाळी व्हायचं. आता ते आदल्या दिवशी होतं आणि रात्रभरात मुलं पाणी-अन्न घेऊन कितीतरी भरून येतात. म्हणजे आजचा मिडलवेट रिंगमध्ये उतरतो तेव्हा मिडलवेट नसतोच. 'आजच्या माणसापुढे तो टिकला असता का' हा प्रश्न म्हणूनच मी बाजूला ठेवतो. आपल्या काळातल्या आपल्या वजनाच्या माणसांपुढे तो काय होता, तेवढंच मोजता येतं.

आता फिलाडेल्फिया. हॅग्लरचा जन्म १९५४ चा, न्यूअर्कचा. १९६७ च्या दंगलीनंतर घरचे ब्रॉक्टनला गेले. मॅसॅच्युसेट्समधलं हे हेवीवेट चॅम्पियन रॉकी मार्सियानोचं गाव. तिथे गुडी आणि पॅट पेट्रोनेली या भावांच्या जिममध्ये तो घडला आणि शेवटपर्यंत त्यांच्याकडेच राहिला. १९७३ मध्ये अमेरिकेचं हौशी राष्ट्रीय विजेतेपद घेऊन तो व्यावसायिक झाला. दोन-तीन वर्षांत त्याच्या भागात त्याच्याशी लढायला कुणी तयार होईना. डावखुरा, दोन्ही बाजूंनी लढू शकणारा, ठोसा जड आणि नाव अजून छोटं. अशा माणसाला हरवून काही मिळत नाही, आणि हरलं तर सगळं जातं. आजही डावखुऱ्या मुलासाठी चांगल्या लढती ठरवायच्या म्हटलं की समोरचे कोच वेळ मारून नेतात, ते तू पाहिलंच आहेस.

पेट्रोनेलींनी तेव्हा जे केलं ते आजचा कुठलाही मॅनेजर करणार नाही. त्यांनी त्याला फिलाडेल्फियाला नेलं. सत्तरच्या दशकात जगातले सर्वांत कठीण मिडलवेट त्या एका शहरात होते: बॉबी वॉट्स, विली मन्रो, युजीन हार्ट, बेनी ब्रिस्को. एकमेकांशी लढून लढून सगळे घासून निघालेले. आपल्या मुलाचं नाव ड्रॉमध्ये पहिल्याच फेरीत मुंढव्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटच्या मुलासमोर आलं की घरच्यांचा चेहरा कसा होतो, ते आठव. हॅग्लरला तसा ड्रॉ प्रत्येक वेळी मिळत होता, तोही बहुतेकदा त्यांच्याच शहरात, त्यांच्याच प्रेक्षकांपुढे.

जानेवारी १९७६ मध्ये तो वॉट्सकडून गुणांवर हरला. तो निकाल बऱ्याच जणांना पटला नव्हता. दोन महिन्यांनी मन्रोकडून हरला, आणि त्या निकालात कुणी खोट काढली नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याने हार्टला आठ राउंडमध्ये बसवला. १९७७ मध्ये मन्रोला दोनदा थांबवलं, फेब्रुवारीत १२ व्या राउंडला आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्याच राउंडला, ती दुसरी लढत पुन्हा फिलाडेल्फियालाच. १९७८ मध्ये ब्रिस्कोला त्याच शहरात गुणांवर हरवलं. १९८० मध्ये वॉट्सचं देणंही दोन राउंडमध्ये चुकतं केलं. सुरुवातीच्या काळात ऑलिंपिकवीर रे सील्सबरोबर एक लढत बरोबरीत सुटली होती. त्या सील्सला १९७९ मध्ये पहिल्याच राउंडमध्ये आडवा केला.

मन्रोच्या तीन लढतींचे आकडे शेजारी ठेव: हार, बाराव्यात विजय, दुसऱ्यात विजय. समोरचा तोच. म्हणजे हॅग्लर दर वेळी त्याच माणसाला जास्त लवकर वाचायला शिकला. मुलगा किती मोठा होईल हे मी याच गोष्टीवरून ओळखतो. जिंकलेला मुलगा मला फारसं काही सांगत नाही. हरल्यानंतरच्या सोमवारी तो जिममध्ये काय बदलायला लागतो, त्यावरून मला सगळं कळतं. आणि लक्षात घे, किताबाच्या एकूण लढतींमध्ये यातली एकही धरली जात नाही. '१२ वेळा किताब राखला' या ओळीत वॉट्स, मन्रो, हार्ट, ब्रिस्को कुठेच नाहीत.

किताबाच्या पहिल्या संधीपर्यंत त्याच्या नावावर ४९ लढती झाल्या होत्या. ती संधीसुद्धा सहज आली नाही. अमेरिकन प्रतिनिधीगृहाचे अध्यक्ष टिप ओ'नील यांच्यापर्यंत गाऱ्हाणं न्यावं लागलं. नोव्हेंबर १९७९ मध्ये लास व्हेगासला चॅम्पियन व्हिटो अँटुओफर्मोविरुद्ध १५ राउंड झाले. एका जजने हॅग्लरला दिलं, एकाने अँटुओफर्मोला, तिसऱ्याने बरोबरी. बरोबरीत किताब चॅम्पियनकडेच राहतो. हॅग्लर पुढे होता असं मलाही वाटतं, पण शेवटच्या राउंडांत त्याने गाडी हळू केली होती. चॅम्पियनकडून किताब घ्यायचा तर हातचं राखून चालत नाही, आणि त्या रात्री त्याने ते राखलं. सप्टेंबर १९८० मध्ये लंडनच्या वेम्बलीला, तोवर चॅम्पियन झालेल्या ॲलन मिंटरविरुद्ध त्याने ती चूक केली नाही. तिसऱ्या राउंडमध्ये मिंटरच्या चेहऱ्यावर इतक्या जखमा झाल्या की लढत थांबवावी लागली, आणि प्रेक्षकांनी रिंगमध्ये बाटल्या फेकल्या. किताब जिंकलेल्या माणसाला पोलिसांच्या कड्यातून बाहेर काढावं लागलं.

१९८१ ते १९८६ मधल्या १२ संरक्षणांपैकी, म्हणजे किताब राखलेल्या लढतींपैकी, बहुतेकांवर वेळ घालवण्याची गरज नाही. ओबेलमेहियास, हॅम्शो, सिब्सन हे त्या काळात क्रमवारीत असलेले खरे मिडलवेट होते आणि ते सगळे वेळेआधी संपले. १२ पैकी ११ लढती शेवटच्या घंटेपर्यंत पोचल्या नाहीत. उरलेली एक डुरानची, आणि तिथे तुझा आक्षेप रास्त आहे.

नोव्हेंबर १९८३ मधली डुरानची लढत मी हॅग्लरच्या खात्यात उणे म्हणूनच लिहितो. मूळचा लाइटवेट, म्हणजे खूप खालच्या वजनातला माणूस १३ राउंडनंतर दोन जजांच्या गुणांच्या कार्डावर एका गुणाने पुढे होता, तिसऱ्याकडे बरोबरी होती. शेवटचे दोन राउंड घेऊन हॅग्लरने लढत वाचवली. डुरानच्या सापळ्यांची त्याने नको इतकी धास्ती घेतली. मोठ्या माणसाने पुढे जायचं असतं तिथे तो बाहेरून जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे सरळ ठोसे, टाकत थांबला. पंधरा राउंड होते म्हणून हिशेब जुळला, हे विसरू नकोस, पुढे लागेल.

हर्न्सच्या बाबतीत मात्र तुझं 'खालच्या वजनातून आलेला' हे विशेषण फार काही सांगत नाही. हर्न्स सहा फूट एक इंच उंच, हात लांब, आणि त्याच्या उजव्या हाताने वर्षभरापूर्वी डुरानला दोन राउंडमध्ये तोंडावर पाडलं होतं. १५ एप्रिल १९८५ ची ती लढत आठ मिनिटं चालली. पहिला राउंड पुन्हा बघ, पण डोक्यावरच्या ठोशांकडे बघू नकोस, हॅग्लरचे पाय बघ. सुरुवातीलाच हर्न्सचा उजवा त्याला लागतो आणि तो हलतो. त्या क्षणी शंभरातले नव्याण्णव मागे सरतात. हा पुढचा पाय हर्न्सच्या दोन पायांच्या मध्ये टाकतो. हर्न्सला उजवा सोडायला जी जागा लागायची ती तिथेच संपली. मग बरगड्यांवर आणि पोटात काम सुरू होतं. हर्न्सचा उजवा हात याच राउंडमध्ये मोडला, आणि दुसऱ्या राउंडपासून त्याचे पाय जड दिसतात ते पोटातल्या ठोशांनी.

तिसऱ्या राउंडमध्ये हॅग्लरच्या कपाळावरून रक्त डोळ्यांत येऊ लागलं. रेफरी रिचर्ड स्टील यांनी लढत थांबवून डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी चालू ठेवायला सांगितलं, पण आपल्याकडे वेळ उरला नाही हे हॅग्लरला कळलं. पुढच्या मिनिटभरात त्याने झेप घेऊन उजवा मारला. डावखुऱ्याचा पुढचा हात उजवा असतो, म्हणजे हा जॅबचाच हात, फक्त त्यामागे सगळं अंग. हर्न्स लटपटत दोरांकडे वळला, हॅग्लर मागे धावला आणि संपवलं. जखम, दडपण, लागलेला ठोसा हे सगळं अंगावर असताना डोकं इतकं साफ चालणं, हे मी फार थोड्या बॉक्सरमध्ये पाहिलंय.

आता लिओनार्ड, ६ एप्रिल १९८७. मी जज म्हणून रिंगशेजारी बसतो, म्हणून हे जरा सविस्तर.

लढतीआधीच हॅग्लरने पैशाच्या मोठ्या वाट्यासाठी तीन गोष्टी सोडल्या: १५ ऐवजी १२ राउंड, मोठी रिंग आणि दहा औंसांचे ग्लोव्ह्ज. तिन्ही रिंगभर पळत लढणाऱ्या लिओनार्डच्या फायद्याच्या. डुरानला त्याने कुठल्या राउंडमध्ये मागे टाकलं होतं, आठवतंय ना? चौदाव्या आणि पंधराव्या. ते राउंड त्याने स्वतः सही करून देऊन टाकले. आणि पहिले काही राउंड तो उजव्या हाताच्या माणसासारखा उभा राहिला. त्याचा सगळा दरारा डावखुऱ्या जॅबचा, आणि तोच त्याने घरी ठेवला. पहिल्या चार राउंडांत मला त्याच्याकडे द्यावं असं फारसं काही सापडत नाही. पाचव्यापासून तो डावखुरा होऊन दाबायला लागतो. नवव्यातली दोरांजवळची देवाणघेवाण थरारक आहे आणि तो राउंड मी हॅग्लरला देतो.

लिओनार्डची युक्ती तुला ठाऊक आहे. राउंडच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात वेगाने दहा-बारा ठोसे सोडायचे. प्रेक्षक उठतात, आवाज चढतो, आणि जजच्या मनात राउंडचा शेवटच उरतो. त्यातले किती ठोसे ग्लोव्हजवर किंवा दंडावर गेले ते आवाज बंद करून बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून मी नवीन जजांना ही लढत आधी आवाजासकट आणि मग आवाज बंद करून लिहायला लावतो. बहुतेकांची दोन कार्डं वेगळी येतात. माझं स्वतःचं कार्ड एका राउंडने लिओनार्डकडे जातं. लू फिलिपो यांनी ११५-११३ हॅग्लरला दिलं, डेव्ह मोरेटी यांनी तेवढ्याच गुणांनी लिओनार्डला. दोन्ही कार्डं मला मान्य आहेत. तिसरं होहो गेरा यांचं ११८-११०, ते मला कुठल्याच बाजूने पटवून देता येत नाही. दहा राउंड लिओनार्डचे? कुठले दहा?

तीस वर्षांनी, सप्टेंबर २०१७ मध्ये, गोलोव्किन आणि कॅनेलो यांची पहिली लढत झाली. ॲडलेड बर्ड यांनी ११८-११० कॅनेलोला दिलं, एका जजने बरोबरी दिली, आणि ११५-११३ गोलोव्किनला देणारे पुन्हा तेच डेव्ह मोरेटी. लढत बरोबरीत सुटली. माझ्या मते गोलोव्किन त्या रात्री स्पष्ट जिंकला होता. जे काम तीन माणसांच्या पेन्सिलीवर अवलंबून आहे, त्यावरून माणसाची पूर्ण कारकीर्द वर-खाली करायची नाही, एवढ्यासाठी ही जोडी सांगितली. हॅग्लर जिंकला असता तरी मी त्याला फार तर तिसरा केला असता.

तू विचारलेल्या गोलोव्किनचंच बघू. ४२ विजयांत ३७ नॉकआउट. हॅग्लरचे ६२ विजयांत ५२. प्रमाण गोलोव्किनचं थोडं जास्त, हे खरं. पण ३७ जण कोण? गोलोव्किनलाही हॅग्लरसारखंच टाळलं गेलं, त्यात त्याचा काही दोष नाही, आणि तो अस्सल मिडलवेट, अथेन्सचा ऑलिंपिक रौप्यविजेता. त्याला फिलाडेल्फिया मिळालं नाही, एवढंच. त्याच्या काळात त्या वजनात एकाच शहरात चार भयंकर माणसं नव्हती. जेकब्स आणि कॅनेलो समोर आले तेव्हा लढती गुणांवर गेल्या. मी त्याला पहिल्या दहात घेतो, वरच्या निम्म्यात नाही.

संरक्षणांची संख्या वाचताना आणखी एक बघायचं. हॅग्लर किताब मिळाल्या दिवसापासून निर्विवाद चॅम्पियन होता, तेव्हाच्या दोन्ही संघटनांचे पट्टे (किताब) त्याच्याकडे आणि १९८३ मध्ये तिसरा सुरू झाला तोही. हॉपकिन्सने १९९५ मध्ये एकच पट्टा घेतला आणि बाकीचे एकत्र व्हायला २००१ उजाडलं. मधल्या वर्षांतली संरक्षणं म्हणजे तीन-चार चॅम्पियनांपैकी एकाची. २० हा आकडा मोठाच आहे, पण १२ शी थेट वजाबाकी होत नाही.

आणि वरचे तीन? हॅरी ग्रेब पहिला. तीनशेच्या आसपास लढती, उत्तरार्धात एका डोळ्याने जवळजवळ आंधळा, आणि पुढे हेवीवेट चॅम्पियन झालेल्या जीन टनीला १९२२ मध्ये हरवणारा एकमेव माणूस. त्याच्या लढतीची एकही फिल्म उरलेली नाही, म्हणून काही जण त्याला यादीतच घेत नाहीत. मी कागदावरच्या नावांवरून घेतो, ती नावं तेवढी भारी आहेत. दुसरा रे रॉबिन्सन, मिडलवेटचा किताब पाच वेळा जिंकणारा. त्याची सर्वोत्तम वर्षं खालच्या वजनात गेली, नाहीतर हा प्रश्नच उरला नसता. तिसरा कार्लोस मॉन्झॉन. ऑक्टोबर १९६४ नंतर १९७७ मध्ये निवृत्त होईपर्यंत एकही हार नाही, १४ संरक्षणं. तो माणूस म्हणून मला घृणास्पद वाटतो, जोडीदार बाईच्या खुनासाठी त्याला शिक्षा झाली होती. रिंगमधलं मोजताना मात्र रिंगमधलंच मोजावं लागतं. त्याला हॅग्लरच्या वर ठेवतो ते ब्रिस्कोमुळे. मॉन्झॉनने त्याला १९७२ मध्ये हरवलं तेव्हा ब्रिस्को २९ वर्षांचा होता. हॅग्लरसमोर आला तेव्हा ३५ चा. मॉन्झॉनची बरोबरीही झाली होती त्याच्याशी, १९६७ मध्ये, पण भरातल्या ब्रिस्कोला हरवणं जास्त कठीण होतं.

हॅग्लरच्या विरुद्ध अजून एक मुद्दा आहे, जो तू मांडला नाहीस. तो कधी वरच्या वजनात गेला नाही. वरच्या लाइट हेवीवेट गटात चॅम्पियन मायकेल स्पिंक्स होता, लढत झाली नाही. ग्रेब वर गेला, हॉपकिन्स गेला आणि चाळिशी उलटल्यावर तिथे चॅम्पियन झाला. उलट लिओनार्डनंतर हॅग्लर ३२ व्या वर्षी थांबला, इटलीत राहायला गेला आणि परत आला नाही. त्यामुळे ६२ विजय, ३ हार, २ बरोबरी हा आकडा म्हातारपणाच्या हारींनी मळलेला नाही. रॉबिन्सन ४४ वर्षांचा होईपर्यंत लढला, त्याच्या हारी बहुतेक त्या काळातल्या. दोघांचे आकडे शेजारी ठेवताना एवढं मनात धर.

माझा क्रम हलवायचाच असेल तर मॉन्झॉनवरून प्रयत्न करू नकोस, माझ्या यादीतल्या पाचव्या, म्हणजे हॉपकिन्सवरून कर. २९ सप्टेंबर २००१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, ४० लढतींत अपराजित फेलिक्स ट्रिनिडाड समोर. तोही खालून आलेला, पण मेमध्येच मिडलवेटचा पट्टा घेऊन बसलेला. ३६ वर्षांचा हॉपकिन्स एकेक राउंड त्याची डाव्या हुकची, म्हणजे वाकवलेल्या हाताने बाजूने मारायच्या ठोशाची, जागा बंद करत जातो आणि बाराव्यात संपवतो. ती लढत राउंडवार लिहून शनिवारी घेऊन ये. आणि हॉपकिन्सच्या कारकिर्दीतली अशी चार नावं काढून आण जी वॉट्स, मन्रो, हार्ट, ब्रिस्को यांच्यासमोर ठेवता येतील. ती सापडली तर पाचव्याला चौथा करायला मी तयार आहे.